ब्रेक आधी गेला की नंतर? एका दोन शब्दी सबबीचा इतिहास

बीडहून सोलापूरकडे निघालेला रस्ता मांजरसुंब्याच्या घाटाने बालाघाटाच्या पठारावर चढतो. पूर्वेला धारूरच्या किल्ल्यालगतचा घाट पठारावरून तेलगाव-माजलगावच्या सखल मुलखात उतरतो. या घाटांत गाडी उलटली किंवा दोन गाड्या भिडल्या की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन शब्द ठरल्यासारखे येतात : ब्रेक फेल. हे शब्द इतके परिचित झाले आहेत की ते प्रथम कोणी उच्चारले, केव्हा आणि कशाच्या आधारावर, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र यात ओळखीची अडचण दिसावी. हे शब्द म्हणजे साक्ष आहे, निष्कर्ष नव्हे. ती साक्ष बहुधा चालकाची असते, कधी रस्त्यावर जमलेल्या बघ्यांची. तिथून ती बातमीत जाते, बातमीतून लोकांच्या तोंडी, आणि आठवड्याभरात तिला वस्तुस्थितीचा दर्जा मिळतो. धडकेनंतर ब्रेक निकामी सापडणे ही एक गोष्ट आणि ब्रेक निकामी झाल्यामुळे धडक होणे ही दुसरी. या दोहोंमधला क्रम ठरवण्यासाठी लोखंड, रबर आणि तेल यांचे वाचन करावे लागते. ते वाचन गेल्या शंभर वर्षांत कसे घडत गेले, कायद्याने त्याला किती किंमत दिली आणि बीडसारख्या जिल्ह्यात त्या क्रमावर कोणाचे काय अवलंबून असते, हा या धाग्याचा विषय.

मोटारीपूर्वी घाट उतरण्याचे तंत्र बैलांच्या मानेत होते. भरलेली गाडी उतारावर पुढे रेटू लागली की जू बैलांच्या मानेवर दाबे, बैल पाय रोवून तो रेटा अडवत, आणि गाडीवान खाली उतरून हाताने, दोराने, प्रसंगी चाकाखाली दगड सारून वेग मारी. गाडी सुटली तर कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. तपासणी करण्याजोगे यंत्रच नव्हते.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ च्या जून महिन्यात २७ गाड्यांनिशी प्रवासी बससेवा सुरू केली; त्या काळातली ‘डेक्कन क्वीन’ नावाची अल्बियन बस हैदराबादेत अजून जतन केलेली आहे. पलीकडच्या मुंबई इलाख्यात एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर अशी १ जून १९४८ रोजी धावली. परळीला रेल्वे होती, पण जिल्ह्याच्या मुख्यालयाला ती कित्येक दशके मिळाली नाही. त्यामुळे माणसे, कापूस, धान्य, ऊस आणि लग्नाची वऱ्हाडे यांचा सारा भार रस्त्यांवर आणि पर्यायाने घाटांवर पडला. ब्रेक हा इथे केवळ यंत्रज्ञांच्या आस्थेचा विषय कधीच नव्हता.

आरंभीच्या मोटारींचे ब्रेक सळ्यांनी आणि तारांनी ओढले जात. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत (१९०८ ते १९२७) पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, गिअरच्या पेटीतल्या पट्ट्यावर काम करी. हाताचा ब्रेक मागच्या चाकांवर. पुढच्या चाकांना काहीच नाही. अशा गाडीच्या अपघातानंतरची तपासणी सोपी असे. सळी तुटली आहे की नाही, पट्टा झिजला आहे की नाही, हे उघड्या डोळ्यांनी दिसे. लुई रेनोने १९०२ मध्ये ड्रम ब्रेक आणला, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण खरा पालट झाला तो तेलाने. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीने चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले. पायाचा दाब मास्टर सिलिंडरमधून नळीतल्या तेलावर, तेलातून चाकाच्या सिलिंडरवर आणि तिथून लायनरवर. दाब चारही चाकांना सारखा मिळू लागला, आणि त्याबरोबर एक नवे संकट आले. मार्ग एकच असल्यामुळे कोठेही एक छिद्र पडले तर चारही चाके एकदम निराधार. आपल्याकडच्या जुन्या अँबेसेडर आणि फियाट याच जातीच्या. पेडल अचानक जमिनीला टेकल्याच्या ज्या आठवणी त्या पिढीचे चालक सांगतात, त्या या एकेरी मार्गाच्या आहेत. पुढे दोन स्वतंत्र मार्गांची पद्धत आली. अमेरिकेत ती १९६० च्या दशकात सक्तीची झाली. आता एक मार्ग फुटला तरी निदान दोन चाके धरतात. म्हणून आजच्या धड अवस्थेतल्या मोटारीत ‘ब्रेक पूर्णच गेला’ हे विधान पन्नास वर्षांपूर्वी वाटे तितके सहज संभवनीय राहिलेले नाही.

ट्रक आणि बसचे कूळ वेगळे. त्यांचा हवेचा ब्रेक रेल्वेकडून आला. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या १८६९ च्या पहिल्या रचनेत हवेचा दाब ब्रेक लावत असे. नळी फुटली की ब्रेक गेला. दोन-तीन वर्षांतच त्याने विचार उलटा केला : दाबाने ब्रेक मोकळा राहील, आणि दाब गेला की आपोआप लागेल. ट्रकच्या मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे ब्रेक हाच विचार निराळ्या रीतीने वापरतात. तेव्हा नीट देखभाल असलेल्या ट्रकमध्ये हवा संपली तर गाडी सुसाट सुटण्याऐवजी जागीच अडकायला हवी. ती तशी अडकली नाही, तर तपासणाऱ्याने विचारायचा प्रश्न ‘हवा का गेली’ एवढाच उरत नाही. स्प्रिंगचा ब्रेक कोणी निकामी तर करून ठेवला नव्हता ना, हेही पाहावे लागते.

प्रत्येक पद्धतीला मरण्याची आपली रीत असते आणि प्रत्येक मरणाची खूण वेगळी उरते. एवढे लक्षात घेतले की तपासणीचा गाभा समजू लागतो.

धडकेत चेपलेली मोटार समोर आहे आणि तिचे पेडल जमिनीला टेकते, असे समजा. घाईचा माणूस लगेच म्हणेल, ब्रेक फेल. जाणकार फिटर आधी पेडलाला हातच लावणार नाही, कारण चार वेळा पंप केले की नळीत होते ते तेलही बाहेर पडेल आणि पुरावा जाईल. तो प्रथम तेलाची टाकी पाहील, मग नळी जिथे तुटली ती जागा. तुटलेल्या कडा स्वच्छ, चकचकीत आणि चेपलेल्या पत्र्याच्या अगदी जवळ असतील, तर ती जखम धडकेचीच. कडा गंजलेल्या असतील, भिंत कागदासारखी पातळ झाली असेल, तर आजार जुना. सर्वांत बोलकी असते ती धूळ. तेल पुष्कळ दिवस पाझरत असेल तर त्यावर रस्त्याची धूळ बसून काळा, चिकट थर जमतो. चाकाच्या आतल्या बाजूला तो पसरलेला दिसतो. धडकेच्या क्षणी फुटलेल्या नळीतले तेल मात्र ताजे, ओले आणि धुळीच्या वर असते. पुराणवस्तूंच्या उत्खननात खालचा थर जुना आणि वरचा नवा मानतात. येथेही न्याय तोच, फक्त थर केसाएवढे.

नंतर ड्रम उघडायचे. लायनर किती उरले आहेत, चारही चाकांचे सारखे आहेत की एखादेच झिजलेले आहे, चाकाच्या सिलिंडरचे वॉशर फुगले आहेत काय, लायनरवर तेल आले आहे काय. हवेच्या ब्रेकच्या गाडीत प्रत्येक चाकाच्या स्लॅक ॲडजस्टरची चाल मोजायची. एखाद्या चाकाचा दांडा मर्यादेपेक्षा अधिक बाहेर येत असेल तर ते चाक ब्रेकमध्ये सहभागीच नव्हते, आणि ही गोष्ट एका रात्रीत घडत नाही.

रस्ताही साक्ष देतो. चाके अडकून घसरली असतील तर डांबरावर टायरच्या काळ्या खुणा उमटतात. या खुणांनी अनेकदा चालकाचीच बाजू बुडवली आहे, कारण चाक अडकले याचा अर्थ त्या चाकाचा ब्रेक लागला होता. खुणांच्या लांबीवरून वेगही काढता येतो. कोरड्या डांबरी सपाट रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला आणि चारही चाकांच्या २० मीटर लांबीच्या खुणा मिळाल्या, तर गाडी घसरू लागली तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर असला पाहिजे. शेवटी धडक बसली असेल तर त्याहूनही अधिक. उतारावर हे गणित दुरुस्त करावे लागते, आणि एबीएस असलेल्या गाड्यांत खुणा फार फिक्या पडतात. भारतात सर्व नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. म्हणजे रस्त्यावरचे हे साधन, सुरक्षितता वाढत असतानाच, दुर्मीळ होत चालले आहे.

एक खूण विशेष लोभस आहे. जुन्या पद्धतीच्या ब्रेक लाइटमध्ये तारेचा बल्ब असे. तार तापून लाल झालेली असताना जोराचा धक्का बसला तर ती मऊ असल्यामुळे ताणली जाते, वेटोळी विस्कटतात. तार थंड असताना धक्का बसला तर ती तशीच राहते किंवा काडीसारखी कट्‌कन तुटते. एवढ्याशा बल्बवरून धडकेच्या क्षणी चालकाचा पाय पेडलावर होता की नव्हता, हे सांगता येत असे. पाय पेडलावर होता, दिवा पेटला होता आणि रस्त्यावर खूण मात्र एकही नाही, अशी संगती लागली तर चालकाच्या म्हणण्याला प्रथमच वजन येते. एलईडी दिव्यांनी ही साक्ष संपवली. तिची जागा आता एअरबॅगच्या यंत्रणेतल्या नोंदीने घेतली आहे. अनेक नव्या मोटारींत धडकेआधीच्या काही सेकंदांतला वेग आणि ब्रेक दाबला होता की नाही, हे साठवलेले असते.

आतापर्यंतचे सारे वाचन एका गृहीतावर उभे आहे : जे बिघडले ते बिघडलेलेच सापडेल. घाटात हे गृहीत कोसळते.

१६ टनांचा भरलेला ट्रक १०० मीटर उंची उतरतो तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिने सुमारे ४७ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. ही उष्णता कोठेतरी गेली पाहिजे. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन शोषून घेते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल केली असेल तर सगळी उष्णता ड्रम आणि लायनर यांच्यातच कोंडते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर सरकतो. लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. पाय कितीही दाबला तरी पकड येत नाही. तेलाच्या ब्रेकमध्ये आणखी एक घात होतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा धरलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. चाकापाशी तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल अलगद जमिनीला टेकते.

आता अपघात झाला. गाडी रस्त्याकडेला पडून राहिली. दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले तेव्हा ड्रम निवले होते, वाफेचे पुन्हा तेल झाले होते, पेडल टणक लागत होते. अहवालात नोंद होणार, फूट ब्रेक कार्यक्षम. चालक खोटा ठरला. त्याने तर खरेच सांगितले होते की ब्रेक लागला नाही.

धडकेने तोडलेली नळी चांगल्या ब्रेकला निकामी ठरवू शकते आणि एका रात्रीचा गारवा निकामी ब्रेकला चांगला ठरवू शकतो. चुका दोन, दिशा परस्परविरुद्ध. केवळ पेडल दाबून केलेल्या तपासणीत दोन्ही चुका होण्याची पुरेपूर सोय असते. उष्णतेच्या खुणा पूर्ण पुसल्या जात नाहीत हे खरे. ड्रमवर निळसर झाक येते, बारीक भेगा पडतात, लायनरवर चकाकी राहते, तेलातला ओलावा मोजता येतो. मात्र त्यासाठी चाके उतरवावी लागतात, ड्रम काढावे लागतात, तेलाचा नमुना ठेवावा लागतो. प्रत्येक अपघातानंतर एवढा खटाटोप होत असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय उष्णतेमुळे ब्रेक गेला हे सिद्ध झाल्यावरही प्रश्न उरतोच. गाडी न्यूट्रल कोणी केली? तेल किती वर्षांत बदलले नव्हते? भार किती होता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चालकाकडे बोट दाखवते, उरलेल्या दोहोंचे बहुधा मालकाकडे.

नेमके हेच बोट कोणाकडे वळवायचे, यावर कायद्याचा प्रवास झाला आहे.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम, ३०४-अ, भारतीय दंडसंहितेत १८७० मध्ये घातले गेले, तेव्हा आपल्या रस्त्यांवर मोटार नव्हती. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने घेतली. हा मार्ग शिक्षेचा. भरपाईसाठी मृताच्या कुटुंबाला १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दिवाणी न्यायालयात जावे लागे, आणि दोष सिद्ध करण्याचा भार त्याच कुटुंबावर असे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला. ती प्रकरणे १ जुलै १९४६ पासून लागू झाली. अपघात दावा न्यायाधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने आली. पण दोष कोणाचा हा प्रश्न तसाच राहिला, आणि ‘ब्रेक फेल’ ही मालकाच्या हातातली सोयीची ढाल होती : यंत्र बिघडले, माणसाचा काय दोष?

या ढालीला पहिला मोठा तडा इंग्लंडमध्ये गेला. हेंडरसन विरुद्ध हेन्री जेंकिन्स या खटल्यात उतारावर लॉरीचे ब्रेक गेले आणि एक माणूस ठार झाला. ब्रेकच्या तेलाची नळी गंजून तिला छिद्र पडले होते, आणि गंज होता तो नळीच्या अशा भागावर जो गाडीवर बसवलेल्या अवस्थेत दिसत नसे. मालकांनी सांगितले, दिसणारा भाग आम्ही नियमाने तपासत होतो. १९६९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने निर्णय दिला की एवढे पुरेसे नाही. असा असाधारण गंज का चढला असावा, गाडीने पूर्वी कोणता माल वाहिला, तिला काय काय सोसावे लागले, हा गाडीचा पूर्वेतिहास मालकाने मांडला पाहिजे. तो मांडला नाही, म्हणून ते हरले. यंत्राच्या चरित्राला पुराव्याचा दर्जा देणारा हा निकाल इतिहासप्रेमींनी आवर्जून वाचावा असा आहे.

भारतात १९७७ हे वर्ष महत्त्वाचे. मिनू बी. मेहता विरुद्ध बाळकृष्ण रामचंद्र नयन या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. भरपाईसाठी निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो, ही एक. उच्च न्यायालयाने त्याविरुद्ध घेतलेली उदार भूमिका मान्य झाली नाही. दुसरी अशी की अपघात यांत्रिक बिघाडाने झाला असे मालक म्हणत असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. आवश्यक ती सारी काळजी घेऊनही दोष दडून राहिला, हे त्याने दाखवावे. त्याच वर्षी पुष्पाबाई उदेशी प्रकरणाचा निकाल लागला. नागपूर आणि पांढुर्णा यांच्या दरम्यान १९६० च्या डिसेंबरात एक मोटार रस्त्याच्या चुकीच्या बाजूच्या झाडावर आदळली होती. तिथे घटना स्वतःच बोलते, हे जुने तत्त्व न्यायालयाने लावले : नीट चालवलेली मोटार सहसा झाडावर जात नाही, ती का गेली हे आता चालवणाऱ्या पक्षाने सांगावे.

पहिल्या तत्त्वाचा काच १९८२ मध्ये सैल झाला. दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायम अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याची तरतूद कायद्यात आली. १९८८ च्या नव्या कायद्यात हे आकडे २५,००० आणि १२,००० झाले, १९९४ मध्ये ५०,००० आणि २५,०००. कौशनुमा बेगम प्रकरणात (२००१) जीपचा टायर फुटून पादचारी मरण पावला होता. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, तरी सर्वोच्च न्यायालयाने रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या १८६८ च्या इंग्लिश निकालातील निरपवाद दायित्वाचे तत्त्व लावून भरपाईचा मार्ग मोकळा केला. १ एप्रिल २०२२ पासून दोषाचा प्रश्न न काढता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये, अशी तरतूद लागू आहे. त्याहून अधिक मागायचे असेल तर कलम १६६ खाली दावा करावा लागतो, आणि तिथे दोष पुन्हा दारात उभा राहतो.

१९८८ च्या कायद्याचे कलम १३६ अपघातग्रस्त वाहनाच्या तपासणीचे आहे. अधिकृत निरीक्षकाला वाहन पाहण्याचा आणि ते तपासणीसाठी हलवण्याचा अधिकार आहे. गाडी कोठे नेली हे मालकाला कळवायचे, आणि सोपस्कार पुरे झाल्यावर ती चोवीस तासांच्या आत परत द्यायची. मालकाची रोजी गाडीवर असते, म्हणून ही घाई समजण्याजोगी आहे. पण गंज, ओलावा आणि निळसर झाक वाचायला दिलेली उसंत तेवढीच, हेही विसरून चालत नाही. गाडी एकदा गॅरेजमध्ये गेली, नवी नळी बसली, नवे तेल पडले की साधन नष्ट झाले. दप्तर जाळण्यासारखेच ते.

बीडच्या सार्वजनिक जीवनाने अपघातानंतरचा संशय फार जवळून पाहिला आहे. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत सकाळी विमानतळाकडे जाताना गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली आणि केंद्रीय मंत्री म्हणून शपथ घेतल्याला जेमतेम आठवडा होत असताना त्यांचा अंत झाला. अपघात की घातपात, या प्रश्नाने जिल्हा ढवळून निघाला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि त्याने घातपाताची शक्यता फेटाळली. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे बीडहून मुंबईला निघालेले विनायक मेटे पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मरण पावले, तेव्हाही चौकशीची मागणी तितक्याच तीव्रतेने झाली. या दोन्ही घटनांत ब्रेक हा वादाचा विषय नव्हता. तरी त्या येथे आठवतात, कारण नेत्याच्या मोटारीचा चेपलेला पत्रा तपासायला राज्याची आणि देशाची यंत्रणा धावते. ज्या ऊसतोड कामगारांचे नेते म्हणून मुंड्यांची ओळख घडली आणि ज्यांच्या कल्याणाचे महामंडळ आज त्यांच्या नावाने आहे, त्यांच्या ट्रॉलीची तपासणी तेवढ्या बारकाईने व्हावी, असा आग्रह धरणारे फार थोडे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे कोयते, त्यांची लेकरे, भांडीकुंडी, कधी शेळ्यासुद्धा, एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत किंवा ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. परतीचा प्रवास उन्हाळ्याच्या तोंडावर. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नव्हे; त्यामुळे अपघात झाला की विमा कंपनी प्रथम याच मुद्द्यावर हात वर करते. मालक कोण, मुकादम की ट्रॅक्टरवाला की कारखाना, यावर दुसरा वाद. आणि ‘ब्रेक फेल’ लिहून घेतले की तिसरा. गाडीचा पूर्वेतिहास मालकाने मांडावा, असे न्यायालये म्हणतात. ब्रेकचे काम शेवटचे कधी केले, हे कोठे लिहूनच ठेवलेले नसेल तर तो पूर्वेतिहास कोणाच्या तोंडून ऐकायचा? फिटरच्या आठवणीतून, आणि फिटर मालकाच्या ओळखीचा.

ट्रॅक्टरच्या ब्रेकचे वाचन तर आणखी अवघड. साधारण ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना ब्रेक नसतात. जे काही आहे ते मागच्या दोन चाकांना. ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसला, आणि तो नसणे आपल्याकडे नवलाचे मानले जात नाही, तर मागचा सगळा भार उतारावर ट्रॅक्टरला ढकलत राहतो. बैलाच्या मानेवर जू रेटे, तसाच हा रेटा. पाय रोवणारे मात्र आता कोणी नाही. ट्रॅक्टर वळणावर जरा तिरपा झाला की ट्रॉली त्याला आडवे करते. अशा वेळी ब्रेक शाबूत असूनही गाडी थांबत नाही, आणि चालक प्रामाणिकपणे सांगतो की ब्रेक लागला नाही.

शिवाय ट्रॅक्टरला ब्रेकची पेडले दोन असतात, डाव्या चाकाचे एक आणि उजव्याचे एक. नांगरताना शेताच्या कडेला झटकन वळता यावे, म्हणून ही सोय. रस्त्यावर येताना दोन्ही पेडले एका लहान कडीने जोडायची असतात. कडी उघडी राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलावर पडला, तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो. अपघातानंतर ब्रेक तपासले तर दोन्ही चाकांचे उत्तम. तेल पुरेसे, लायनर जाड, नळी कोठे फुटलेली नाही. सगळे उत्तर त्या बोटभर कडीत असते : ती धडकेच्या वेळी लागलेली होती की नव्हती. आणि ट्रॅक्टर सरळ करण्यासाठी क्रेन येईपर्यंत, जखमींना ओढून काढताना, कितीतरी हात त्या पेडलांवरून गेलेले असतात.